केंद्रक मोठं दिसलं, म्हणून ईआर तपासणी सोडू नका

हैदराबादच्या बेगम बाजारात दुकान असलेल्या एका वाचक भगिनींनी विचारलंय: आईच्या स्तनाच्या बायॉप्सी रिपोर्टमध्ये 'न्यूक्लिअर प्लिओमॉर्फिझम ३' आहे. घरचे म्हणतात, असल्या कॅन्सरवर हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत, मग ईआर-पीआर (हार्मोन रिसेप्टर) तपासणीचा खर्च कशाला?

ताई, तपासणी कराच.

पॅथॉलॉजिस्ट कॅन्सरपेशींची केंद्रकं स्तनातल्या निरोगी नलिकांच्या पेशींशी ताडून बघतात. आकार दीडपटीच्या आत असला तर १ गुण, दुपटीपर्यंत २, त्याहून मोठी नि वेडीवाकडी असली तर ३. नलिकांची रचना आणि पेशीविभाजन यांचे गुण त्यात मिळवून ग्रेड ठरते. बेरीज ८ किंवा ९ आली की तिसरी. लहान, एकसारख्या केंद्रकांचे कॅन्सर बहुधा ईआर पॉझिटिव्ह निघतात, तिसऱ्या ग्रेडमध्ये निगेटिव्हचं प्रमाण वाढतं. घरचे म्हणतात त्यात तेवढं तथ्य आहे. पण तिसऱ्या ग्रेडचे कितीतरी कॅन्सर ईआर पॉझिटिव्ह असतात आणि त्यांना टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल या हार्मोनच्या गोळ्यांचा खरोखर फायदा होतो. नुसत्या अंदाजावर तो उपचार हातचा घालवू नका.

ईआर हे केंद्रकातच असणारं प्रथिन. तपासणीत ते तपकिरी रंगतं. शंभरात एका कॅन्सरपेशीचं केंद्रक रंगलं तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह धरतात; १ ते १० टक्क्यांना 'लो पॉझिटिव्ह' म्हणतात.

याउलट, पहिल्या ग्रेडचा कॅन्सर आणि ईआर निगेटिव्ह असा रिपोर्ट आला, तर मला आधी तपासणीचीच शंका येते. काढलेला तुकडा तासाभरात फॉर्मलिनमध्ये पडायला हवा आणि ६ ते ७२ तास त्यात राहायला हवा. नाहीतर रंग नीट चढत नाही. डॉक्टरांना एवढं विचारा: त्याच स्लाइडवरच्या निरोगी नलिका रंगल्यात का? त्याही कोऱ्या असतील तर निगेटिव्ह निकालावर विसंबता येत नाही, तपासणी पुन्हा करावी लागते.

ईआर तपासणीसाठी लॅबकडून तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घ्या, नुसता कागद पुरत नाही. हर-टू या दुसऱ्या प्रथिनाची तपासणीही त्याच ब्लॉकवर होते. रेड हिल्सची एमएनजे ही सरकारी कॅन्सर संस्था तुम्हाला जवळच आहे. खर्चाची अडचण असेल तर तिथे चौकशी करा. फक्त दुकानाचा सीझन आटोपल्यावर बघू, असं म्हणू नका. याच आठवड्यात आईला घेऊन जा.