म्हाताऱ्या मांजराची अमानत

हजरत अबू कतादा (रजि.) एकदा आपल्या सुनेच्या घरी आले. सून कब्शा बिन्ते कअब यांनी त्यांच्या वुजूसाठी पाणी ओतून ठेवले. तेवढ्यात एक मांजर आले आणि त्या पाण्याकडे वळले. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी त्याला हाकलले नाही, उलट त्याला नीट पिता यावे म्हणून भांडे कलते धरले. सून आश्चर्याने पाहत आहे हे लक्षात येताच त्यांनी आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण तिला सांगितली. तिचा आशय असा की, मांजर अपवित्र नाही. ते तुमच्या अवतीभवती सतत वावरणाऱ्यांपैकी आहे. ही हदीस इमाम मालिक, अबू दाऊद आणि तिर्मिजी (रह.) यांनी नोंदवली आहे.

या हदीसवरून मांजराने तोंड लावलेल्या पाण्याचा नियम समजतो. ते पाणी नापाक होत नाही, मात्र दुसरे पाणी उपलब्ध असताना त्याने वुजू करणे इमाम अबू हनीफा (रह.) यांनी मकरूह मानले आहे. परंतु या हदीसमध्ये आणखी एक गोष्ट आहे. ‘वावरणारे’ या अर्थाचा जो अरबी शब्द येथे आला आहे, तोच शब्द दिव्य कुरआनच्या सूरह नूरमध्ये घरात सतत ये-जा करणाऱ्या माणसांसंबंधी आला आहे. म्हणजे मांजराला घरातल्या माणसांच्या पंक्तीत बसवले गेले आहे. घरात वावरणाऱ्याचा घरावर हक्क असतो. मग तो वावरणारा जीव म्हातारा झाला, भित्रा झाला आणि त्याचे घर मोडले, तर त्या हक्काचे काय होते?

एक नित्याचा प्रसंग

समजा, धुळ्यातील एका मोहल्ल्यात एक वृद्ध दादी राहत होत्या. त्यांच्याजवळ बारा वर्षांचे एक मांजर होते. ते दादींच्या पलंगाखाली झोपे, त्यांच्याच हातचे खाई आणि पाहुणे आले की कोठीत दडून बसे. दादी अल्लाहला प्यारी झाल्या. दोन्ही मुले कामधंद्यासाठी सुरतेला स्थायिक झालेली. तेथे भाड्याच्या खोलीत मांजर ठेवण्याची सोय नाही. घर विकायचे ठरले. मालमत्तेची वाटणी शरीअतनुसार झाली, भांडीकुंडी गरजूंना दिली गेली. उरले ते मांजर. तेव्हा कुणीतरी सहज सुचवले, “पोत्यात घाला आणि पांझरेच्या काठी सोडून द्या. अल्लाह सर्वांना रोजी देतो.”

असे प्रसंग आपल्या वस्त्यांत नवे नाहीत. सुचवणाऱ्याच्या मनात दुष्टावाही नसतो. परंतु या सल्ल्यात दोन गैरसमज दडलेले आहेत.

पहिला गैरसमज असा की, मोकळे सोडले म्हणजे जबाबदारी संपली. बुखारी व मुस्लिममधील प्रसिद्ध हदीसमध्ये एका मांजरामुळे नरकात गेलेल्या स्त्रीचा उल्लेख आहे. तिने मांजर कोंडून ठेवले; त्याला स्वतः खाऊ घातले नाही आणि जमिनीवरचे किडेमुंग्या खाऊन जगण्यासाठी मोकळेही केले नाही. यावरून काहींना वाटते की, मोकळे केले असते तर ती सुटली असती. हे खरे आहे, पण ज्या मांजराला स्वतःचे पोट भरता येते त्याच्याच बाबतीत. बारा वर्षे ताटलीतले खाऊन वाढलेले, दात झिजलेले, परक्या आवाजाने थरथरणारे मांजर नदीकाठी कोणती शिकार करणार? तेथली कुत्री त्याला टिकू देतील काय? अशा मांजराला सोडून देणे आणि कोंडून उपाशी ठेवणे यांत परिणामाच्या दृष्टीने फरक उरत नाही. त्या स्त्रीचे दार बंद होते. येथे दार उघडे असूनही जगण्याची वाट बंदच आहे.

दुसरा गैरसमज रोजीसंबंधीचा. प्रत्येक सजीवाची रोजी अल्लाहच्या जिम्म्यावर आहे, हे सूरह हूदमध्ये सांगितले आहे आणि त्यावर आपली पूर्ण श्रद्धा आहे. परंतु अल्लाह रोजी साधनांद्वारे पोहोचवतो आणि त्या मांजरासाठी बारा वर्षे ते साधन म्हणून याच घराची निवड झाली होती. साधनाने स्वतःहून बाजूला सरायचे आणि त्याला भरवसा म्हणायचे, हे तवक्कुल नव्हे.

आपल्या फकीहांनी हा प्रश्न फार बारकाईने पाहिला आहे. पाळलेल्या प्राण्याचे पोषण ही मालकाची जबाबदारी आहे आणि ते शक्य नसेल, तर जो ते करू शकेल त्याच्या हाती प्राणी द्यावा, असे त्यांनी सांगितले. मालिकी फिक्हच्या ग्रंथांत तर एक विलक्षण मसला येतो. एखादे मांजर आंधळे झाले आणि दुसरीकडे जाण्यास असमर्थ ठरले, तर ज्याच्या घरी ते येऊन राहिले आहे त्याच्यावर त्याचा खर्च वाजिब होतो. येथे त्या माणसाने मांजर विकत घेतलेले नाही, मुद्दाम पाळलेलेही नाही. केवळ त्या जीवाची असहायता आणि आपले दार, एवढ्यावरच जबाबदारी उभी राहिली.

देशाचा कायदाही याच दिशेने बोलतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमातील कलम 11 नुसार, उपासमारीने किंवा तहानेने प्राण्याचे हाल होतील अशा स्थितीत त्याला वाजवी कारणाशिवाय टाकून देणे हा गुन्हा आहे.

देणाऱ्याचे कर्तव्य

म्हणून दादींच्या मुलांपुढे योग्य मार्ग एकच उरतो: मांजरासाठी दुसरे घर शोधणे. समजा, जळगावात राहणारी त्यांची खाला ते घेण्यास तयार झाली. येथे देणाऱ्याने पहिली गोष्ट पाळावी ती प्रामाणिकपणाची. प्रेषित (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला आणि आतले धान्य ओले निघाले, ही हदीस आपणास ठाऊक आहे. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. मांजर देतानाही हाच नियम लागू आहे. ते म्हातारे आहे, अनोळखी माणसाला भिते, घाबरल्यावर ओरबाडते, त्याचे दात दुखतात, हे सारे आधीच सांगावे. दोष लपवून दिलेले मांजर आठवड्याभरात पुन्हा रस्त्यावर येते.

दुसरी गोष्ट पैशाची. मांजराच्या किमतीस मनाई करणारी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. बहुतेक फकीहांनी तिचा अर्थ नापसंती असा घेऊन व्यवहार वैध मानला असला, तरी अशा प्रसंगी मोबदला न मागणेच अधिक शोभून दिसते. उलट दोन महिन्यांच्या खाद्याचा आणि लसीचा खर्च मुलांनी दिला, तर ती मृत आईच्या आवडत्या जीवाची सेवा ठरेल.

तिसरी गोष्ट प्रवासाची. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करीत जळगाव सुमारे 90 किलोमीटर आहे. खान्देशात उन्हाळ्यात पारा 44 अंशांपलीकडे जातो. अशा दिवसांत फजरनंतर लगेच निघावे. पोते वापरू नये. झाकणाची, हवा खेळती राहणारी टोपली घ्यावी आणि तिच्यात दादींची जुनी ओढणी अंथरावी. परिचित वास हा भेदरलेल्या मांजराचा मोठा आधार असतो. निघण्यापूर्वी किंवा पोहोचल्यावर पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणी आणि रेबीजची लस व्हावी.

घेणाऱ्याचे कर्तव्य

हजरत आयशा (रजि.) एकदा एका बुजऱ्या उंटावर बसल्या होत्या आणि त्याला आवरण्यासाठी लगाम ओढत होत्या. तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्यांना सौम्यतेची शिकवण दिली. सौम्यता ज्या गोष्टीत असते तिला ती शोभा आणते, असा त्या उपदेशाचा आशय सहीह मुस्लिममध्ये आला आहे. ध्यानात घ्या, हा उपदेश एका अवघड जनावराच्या संदर्भात झाला. शांत जनावराशी कोणीही सौम्य वागतो; सौम्यतेची कसोटी बुजणाऱ्यापाशी लागते.

जळगावच्या खालाने ही सौम्यता अशी आचरावी. पहिले काही दिवस मांजराला एकच शांत खोली द्यावी. एका कोपऱ्यात पाणी व खाणे, दुसऱ्या कोपऱ्यात वाळूचे घमेले आणि लपण्यासाठी एक आडवे खोके ठेवावे. खोक्यातून त्याला ओढून काढू नये. नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 साली निवाऱ्यातील मांजरांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लपण्यासाठी खोके मिळालेली मांजरे खोके नसलेल्यांपेक्षा लवकर शांत झाल्याचे आढळले. लपणे हा हट्ट नसून तो त्या जीवाचा धीर गोळा करण्याचा मार्ग आहे. निवाऱ्याच्या पिंजऱ्यात तोंड फिरवून बसलेल्या वयस्क मांजराला सोडून लोक खेळकर पिल्लू उचलतात, ते ही गोष्ट न समजल्यामुळे.

मुलांना सांगावे की पाहुण्याला उचलायचे नाही, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहायचे नाही. रोज ठराविक वेळी त्याच खोलीत जमिनीवर बसून तिलावत करावी, मंद आवाजात. मांजर काही दिवसांत तो आवाज ओळखू लागेल. दूध बहुतेक प्रौढ मांजरांना पचत नाही. मांस, मासे किंवा मऊ खाद्य द्यावे. पूर्ण एक दिवस त्याने काहीच खाल्ले नाही, तर दवाखाना गाठावा, कारण मांजराला उपवास लवकर बाधतो. निदान महिनाभर बाहेर सोडू नये. आपल्याकडील धाब्याची घरे एकमेकांना लागून असतात. एकदा छतावर गेलेले मांजर जुन्या घराच्या ओढीने निघाले की परत सापडत नाही.

आणि मोबदल्याची घाई करू नये. कदाचित तीन आठवड्यांनी ते बाहेर डोकावेल, कदाचित तीन महिन्यांनी. कदाचित ते कधीच मांडीवर येणार नाही. तरीही अज्र कमी होत नाही. प्रत्येक सजीवावरील दयेत पुण्य आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले, तेव्हा त्या सजीवाने प्रेम परत करण्याची अट घातली नाही.

दुर्बळ आधारांची गरज नाही

मांजरावरचे प्रेम हा ईमानचा भाग आहे, असे एक वाक्य हदीस म्हणून सांगितले जाते. हदीसशास्त्रज्ञांनी ते रचलेले ठरवले आहे. प्रेषितांनी (स.) झोपलेल्या मांजरासाठी अंगरख्याची बाही कापली, या लोकप्रिय कथेलाही विश्वसनीय आधार नाही. अशा गोष्टी सांगू नयेत. अबू दाऊदमधील सत्य प्रसंग आपल्याला पुरेसा आहे. एका अन्सारीच्या बागेतील उंटाने प्रेषितांना (स.) पाहून अश्रू ढाळले. त्यांनी त्याच्या कानामागे हात फिरवला, तो शांत झाला. मग त्यांनी मालकाला बोलावून, अल्लाहने ताब्यात दिलेल्या या मुक्या जीवाबाबत अल्लाहचे भय बाळगण्यास सांगितले.

आधी हात फिरवला आणि नंतर मालकाला जाब विचारला. हा क्रम आपल्या घरांनी शिकावा. आपल्या मोहल्ल्यात एखादे घर बंद होत असेल, तर सामानाची चौकशी करताना एवढेही विचारावे की, येथे वावरणारा कोणी जीव मागे तर राहत नाही ना?

अल्लाह आपणा सर्वांना आपल्या ताब्यातील प्रत्येक जीवाचा हक्क ओळखण्याची व तो अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.