सोसायटीचा हिशेबनीस कसा तयार करावा?

गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचा कारभार हिशेबाच्या वह्यांवर उभा असतो. म्हणून होतकरू तरुणास हे काम पुढील क्रमाने शिकवावे.

१. कीर्द : रोजचा व्यवहार त्याच दिवशी लिहावा. समजा, सकाळची रोख शिल्लक २,००० रुपये आहे. एका सभासदाने कर्जफेडीचे ५,००० रुपये भरले व खतविक्रीचे १,५०० रुपये आले. या रकमा जमेस धराव्यात. गाडीभाड्याचे ७०० रुपये दिले. ते नावे टाकावेत. अखेरची शिल्लक ७,८०० रुपये निघेल. पेटीतील रोकड मोजून ती तितकीच भरते की नाही, हे पाहावे.

२. खतावणी : कीर्दीतील प्रत्येक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरवावी.

३. तेरीज : सर्व खात्यांच्या बाक्या मांडून जमा व नावे यांच्या बेरजा जुळवाव्यात.

परंतु वरील ५,००० रुपये सारख्याच नावाच्या दुसऱ्या सभासदाच्या खात्यावर चढले, तरीही रोकड जुळते व तेरीजही जुळते. कर्ज फेडलेला शेतकरी मात्र वहीत थकबाकीदार राहतो व ऐन पेरणीच्या वेळी त्याचे नवे कर्ज अडते. यास्तव नावावर न जाता खातेक्रमांक पाहूनच रक्कम उतरवावी. सभासदांनीही पावती जपून ठेवावी व आपले खाते वेळोवेळी ताडून पाहावे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये हिशेबांची तपासणी दरवर्षी होते. तथापि चूक सुधारण्यासाठी तपासणीसाची वाट पाहू नये. हे काम हाती बसल्यावर पात्र तरुणांनी सहकार खात्याच्या जी. डी. सी. अँड ए. परीक्षेची तयारी करावी.