गाडी टायर का ‘खाते’? स्पोर्ट्स कार आणि दहावीची त्रिकोणमिती

sin आणि tan शिकवताना ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न वर्गात येतोच. मुलांना आवडेल असं एक उत्तर देतो : स्पोर्ट्स कारचे टायर.

चाक समोरून पाहिलं की ते उभं आहे की कललेलं, हे दिसतं. हा कोन म्हणजे कॅम्बर. स्पोर्ट्स कारची चाकं मुद्दाम वरून थोडी आत कललेली ठेवतात. वेगात वळताना गाडी बाहेर झुकते आणि बाहेरच्या चाकालाही कलवते. आधीच उलट कललेलं चाक नेमकं तेव्हा रस्त्यावर सपाट बसतं, पकड वाढते. सरळ रस्त्यावर मात्र भार टायरच्या आतल्या कडेवर जास्त पडतो. टायर जितका रुंद, तितकी अडचण मोठी. पोर्शे ९११ जीटी३ चा मागचा टायर ३१५ मिमी रुंद असतो. समजा कल २° आहे. ३१५ × tan २° म्हणजे दोन कडांच्या उंचीत सुमारे ११ मिमी फरक! १४५ मिमीच्या छोट्या टायरला तोच फरक ५ मिमी. रबर दबतं, त्यामुळे फट दिसत नाही, पण दाब सारखा राहत नाही.

सगळे कॅम्बरलाच दोष देतात. माझ्या मते खरा खादाड दुसराच आहे, तो म्हणजे टो. वरून पाहिलं तर चाकाचं तोंड सरळ पुढे आहे की किंचित आत-बाहेर वळलेलं, तो कोन. चाक फक्त ०.२° वळलेलं असू द्या. ६६० मिमी व्यासाच्या चाकात पुढच्या-मागच्या कडेचा फरक जेमतेम २.३ मिमी, डोळ्याला कळतसुद्धा नाही. आता फळ्यावर मांडा : sin ०.२° ≈ ०.००३५. दर १००० मीटरला ३.५ मीटर आडवं ओढलं जाणं. १०,००० किमीत ३५ किमी! चाक फिरतंही आहे आणि घासतंही आहे.

पुढची बाजू बाहेर वळलेली असेल (टो-आउट) आणि कॅम्बरही आत असेल, तर आतली कड दोन्हीकडून मार खाते. त्यात या गाड्यांचं रबर मऊ. गाडी खाली बसवून घेतली की बहुतेकदा दोन्ही कोन बदलतात, तरी अलाइनमेंट पुन्हा करायची राहून जाते. पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असले, तर अदलाबदलीची सोयही नाही.

वर्गात करून पाहा. खोडरबर तिरका धरून घासा, एकच कड झिजते : कॅम्बर. सेलोटेपचं रीळ उभं धरून, तोंड थोडं वाकडं ठेवून सरळ रेषेत ढकला, ते खरखरत घासतं : टो.

पालकांनो, हे साध्या गाडीलाही लागू आहे, आणि धोका लपलेला असतो. बाहेरून टायर नवा दिसतो, आतली कड मात्र तारांपर्यंत गेलेली असते. पावसात तीच दगा देते. पुढचं चाक पूर्ण वळवून आतली कड बघा. मागच्यासाठी मोबाईलचा कॅमेरा आत धरा. खाचांमधल्या १.६ मिमीच्या उंचवट्यापर्यंत रबर आलं की टायर संपला. थंड टायरवरून हात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर टो बिघडलाय. गॅरेजमध्ये ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग’ एका दमात म्हणतात, पण बॅलन्सिंगने थरथर जाते, हे घासणं नाही. कोन मोजलेला कागद मागून घ्या, आधीचा आणि नंतरचा दोन्ही.