ट्रॅकबॉल आणि अंगठा

सोलापुरी चादरीची जेकार्ड डिझाइन्स आता संगणकावर होतात. एकेक चौकोन भरताना दिवसभर माऊस सरकवावा लागतो. अशाच एका डिझायनरचा खांदा दुखू लागला, म्हणून त्याने ट्रॅकबॉल घेतला. यात माऊस जागेवरच राहतो, फक्त वरचा गोळा फिरवायचा. खांदा शांत झाला. पण महिन्याभरात अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागली. गोळा अंगठ्याने फिरवायचा होता ना!

अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवायला सांगितले, तर गडी कळवळला. अंगठ्याच्या कंडरांच्या आवरणाचा हा त्रास. स्विस शल्यविशारद डी क्वेर्वेन यांनी १८९५ साली त्याचे वर्णन केले. तान्हे बाळ सारखे उचलणाऱ्या आयांनाही तो होतो.

त्याला अंगठ्याला विश्रांती आणि बोटांनी फिरवायचा मोठा गोळा सुचवला. पॉइंटरचा वेग आधी कमी ठेवावा, म्हणजे नेमका चौकोन सापडतो. कोपर काटकोनात, मनगट सरळ. गोळा अडखळू लागला की काढून आतला मळ पुसावा, नाहीतर बोटे उगाच जोर लावतात.

मात्र रात्री अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होऊन जाग येत असेल, तर माऊस बदलत बसू नका. मनगटात नस दबल्याची ती खूण असू शकते. डॉक्टरांना हात दाखवा.