बेकारीची मोजदाद

दिल्ली शहराच्या उत्तरेस असलेल्या टेकडीवर हिंदूराव या नावाचे एक मोठे रुग्णालय आहे आणि टेकडीच्या पायथ्याशी, सदर बाजाराला लागून, बाडा हिंदूराव नावाची दाट वस्ती आहे. ही दोन्ही नावे एका मराठी सरदाराची आठवण जपून आहेत. कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव हे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. १८३५ साली विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाल्यानंतर त्याचा टेकडीवरील बंगला हिंदूरावांनी विकत घेतला. हिंदीतील ‘बाडा’ आणि मराठीतील ‘वाडा’ ही एकाच शब्दाची दोन रूपे होत. परंतु प्रस्तुत प्रकरणात या परिसराचा निर्देश करावयाचा तो त्याच्या इतिहासासाठी नव्हे. देशातील रोजगार व बेकारी यांचे आकडे कसे तयार होतात आणि ते वाचताना कोठे फसगत होते, हे समजून घ्यावयाचे असेल, तर त्यासाठी ही वस्ती विशेष सोयीची आहे.

१८८९ साली स्थापन झालेली दिल्ली क्लॉथ मिल्स ही कापड गिरणी याच भागात होती. जवळच सब्जी मंडीत बिर्लांची कापड गिरणी होती. या गिरण्यांच्या भोवती कामगारांच्या चाळी, खानावळी, दुकाने आणि लहानमोठे कारखाने उभे राहिले. दिल्ली क्लॉथ मिल्सची येथील गिरणी १९८९ साली बंद झाली. पुढे ८ जुलै १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील १६८ उद्योगांनी त्या वर्षीच्या ३० नोव्हेंबरपासून शहरातील आपले काम थांबवावे असा आदेश दिला. शहराच्या विकास आराखड्याप्रमाणे हे उद्योग धोकादायक ठरत होते आणि त्यांना दिल्लीत जागा नव्हती. सब्जी मंडीतील गिरणीने हिमाचल प्रदेशातील बद्दी येथे जाण्याचे ठरवले. जे उद्योग स्थलांतर करतील त्यांच्या कामगारांची नोकरी अखंड मानावी व त्यांना एक वर्षाचे वेतन स्थलांतराबद्दल द्यावे, असे न्यायालयाने सांगितले. जे उद्योग कायमचे बंद होतील त्यांच्या कामगारांची भरपाई नंतरच्या आदेशाने सहा वर्षांच्या वेतनाइतकी ठरली. अर्थात हे सर्व हजेरीपटावर नाव असलेल्या कामगारापुरते होते. ठेकेदाराच्या हाताखाली काम करणाऱ्याला आपण त्या गिरणीत काम करीत होतो हेच आधी सिद्ध करावे लागे.

आता प्रश्न असा की, १ डिसेंबर १९९६ रोजी दिल्लीतील बेकारांची संख्या या गिरणी कामगारांच्या संख्येइतकी वाढली काय? सामान्य माणूस याचे उत्तर तत्काळ ‘होय’ असे देईल. संख्याशास्त्रज्ञ मात्र उलट विचारील, बेकार म्हणजे कोण, हे आधी सांगा.

स्वातंत्र्यानंतरची पहिली दोन दशके हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नसे. सरकारी सेवायोजन कार्यालयांत, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये, किती नावे नोंदली गेली यावरून बेकारीचा अंदाज बांधला जाई. या नोंदवह्यांचे दोष उघड होते. खेड्यातील शेतमजुराला त्या कार्यालयाचा पत्ताही ठाऊक नसे. उलट नोकरीत असलेला कारकून अधिक चांगल्या जागेच्या आशेने आपले नाव कायम ठेवी. पंचवार्षिक योजनांच्या दस्तऐवजांत देशातील एकूण बेकारांचा एकच आकडा दिला जात असे व दर योजनेच्या अखेरीस तो आधीपेक्षा मोठा झालेला दिसे.

हा गोंधळ दूर करण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल १९७० साली आला. समितीचे म्हणणे थोडक्यात असे की, ज्या देशात बहुसंख्य माणसे स्वतःच्या शेतावर किंवा घरच्या धंद्यात राबतात, तेथे बेकारीचा एकच एक आकडा सांगणे निरर्थक होय. पगारी नोकरी सुटली की माणूस बेकार होतो. शेतकरी बेकार होत नाही, त्याचे काम तेवढे पातळ होते. गुन्नार मिर्दाल यांनीही १९६८ सालच्या आपल्या आशियाविषयक ग्रंथात पाश्चात्त्य देशांतील बेकारीची कल्पना येथे लागू पडत नाही असे प्रतिपादन केले होते. दांतवाला समितीच्या विचारांतून पुढे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९७२-७३ च्या फेरीत तीन वेगवेगळी मापे वापरण्यात आली. ती समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

बाडा हिंदूराव येथील एका मागवाल्याची कल्पना करू. त्याची गिरणी डिसेंबरमध्ये बंद झाली. दोन महिने तो काम शोधीत हिंडला. त्यानंतर आझाद मार्केटमधील ताडपत्री व तंबूंच्या दुकानांचा माल हातगाडीवरून वाहून नेण्याचे काम त्याला मिळू लागले. आठवड्यातून तीन दिवस काम, चार दिवस नुसतीच वाट पाहणे. पाहणी करणारा कर्मचारी वर्षअखेरीस त्याच्या दारी आला, तर पहिल्या मापाप्रमाणे तो गेल्या ३६५ दिवसांचा विचार करील. मागवाल्याने वर्षाचा अधिक काळ कामात घालवला असल्यामुळे ‘नेहमीच्या स्थिती’नुसार तो कामावर असलेला ठरेल. दुसरे माप चालू आठवड्याचे. मागील सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी निदान एक तास काम केले असेल, तर माणूस कामावर आहे असे धरतात. म्हणजे याही मापाने आपला मागवाला बेकार नाही. तिसरे माप दैनिक स्थितीचे. त्यात आठवड्याचे चौदा अर्धे दिवस धरून प्रत्येक अर्ध्या दिवसाचा हिशेब ठेवला जातो. या मापाने त्याचे सहा अर्धे दिवस कामाचे व आठ अर्धे दिवस बेकारीचे भरतात. तीन मापांपैकी केवळ याच मापाला त्याची अवस्था दिसते.

त्याची पत्नी घरी बसून तयार कपड्यांचे धागे कापते व बटणे लावते, असे समजू. कर्मचाऱ्याने तिला नीट विचारले तर ती स्वयंरोजगारी. घाईने विचारले, किंवा नवऱ्यानेच उत्तर दिले, तर ती ‘घरकाम करणारी’, म्हणजे श्रमशक्तीच्या बाहेर. घरचा स्वयंपाक, पाणी भरणे, मुलांना सांभाळणे हे कोणत्याच मापात काम म्हणून मोजले जात नाही, ही गोष्टही येथे लक्षात ठेवावयास हवी.

हा केवळ शास्त्रीय काथ्याकूट आहे असे वाचकास वाटण्याचा संभव आहे. म्हणून दोन आकडे देतो. २०११-१२ च्या पाहणीत नेहमीच्या स्थितीनुसार देशातील बेकारीचा दर २.२ टक्के होता. दैनिक स्थितीनुसार तोच दर ५.६ टक्के भरला. वर्ष एक, देश एक, घरेही तीच. फरक पडला तो प्रश्न विचारण्यात. २०१७ पासून पंचवार्षिक फेऱ्यांच्या जागी नियतकालिक श्रमशक्ती पाहणी सुरू झाली. तिच्या २०२३-२४ च्या अहवालात १५ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींमध्ये नेहमीच्या स्थितीनुसार ३.२ टक्के, तर आठवड्याच्या स्थितीनुसार ४.९ टक्के बेकारी दिसते. सभेत भाषण करणारे पुढारी यांपैकी आपल्या सोयीचा आकडा उचलतात, आणि तसे करताना ते खोटे बोलत नसतात, हीच खरी अडचण आहे.

प्रदेशवार आकडे पाहू लागलो की आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसते. त्याच वर्षी गोव्यात बेकारीचा दर ८.५ टक्के व केरळात ७.२ टक्के होता. मध्य प्रदेशात तो १ टक्का, गुजरातेत १.१ टक्का, तर महाराष्ट्रात ३.३ टक्के होता. यावरून गोव्याच्या आणि केरळाच्या तरुणांनी कामासाठी मध्य प्रदेशात जावे असा निष्कर्ष कोणी काढणार नाही. प्रत्यक्षात मजुरांचा ओघ नेमका उलट दिशेने वाहतो. केरळातील मजुरीचे दर देशात सर्वांत वरच्या दरांपैकी आहेत. तेथील तरुण शिकलेला आहे. घरात आखाती देशांतून येणारा पैसा किंवा आईवडिलांचे निवृत्तिवेतन आहे. मनाजोगती नोकरी मिळेपर्यंत दोन वर्षे थांबण्याची त्याची ऐपत आहे. १५ ते २९ वयोगटातील बेकारीचा दर तेथे जवळजवळ ३० टक्के आहे तो यामुळे. झाबुआकडच्या भूमिहीन मजुराच्या मुलाला थांबता येत नाही. मिळेल ते, मिळेल त्या दराने काम त्याने पत्करले की पाहणीच्या तक्त्यात तो कामावर असतो. शिक्षणानुसार केलेल्या वर्गवारीतही हेच दिसते. निरक्षरांमध्ये बेकारीचा दर अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. माध्यमिक व त्यापुढील शिक्षण घेतलेल्यांमध्ये तो ६.५ टक्के आहे. बेकार राहण्यासाठीसुद्धा पोटाला आधार लागतो.

याचा अर्थ शिक्षितांची बेकारी म्हणजे चैन, असा मात्र कोणी करू नये. तीस वर्षांपर्यंत स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरत राहिलेल्या तरुणाचे दुःख खरे आहे. बेकारीच्या दरात दिसते ते प्रामुख्याने हेच दुःख. ज्यांना दारिद्र्यामुळे बेकारही राहता येत नाही, त्यांचे दुःख शोधावयाचे तर दुसऱ्या तक्त्यांकडे वळले पाहिजे. कोण कोणत्या क्षेत्रात व कोणत्या नात्याने काम करतो, हे सांगणारे ते तक्ते होत.

१९७२-७३ मध्ये देशातील प्रत्येक चार कामकऱ्यांपैकी जवळजवळ तिघे शेतीवर होते. हे प्रमाण सावकाश, पण सतत घटत गेले आणि २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्क्यांवर आले. मनुष्यबळ शेतीतून कारखान्याकडे व तेथून सेवांकडे जाते, हा अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील मार्ग आपणही मंदगतीने का होईना चालत आहोत, असे त्यावरून वाटत होते. मग २०२० साली महासाथीमुळे टाळेबंदी झाली. शहरांतील मजूर पायी गावाकडे निघाले. शेतीवरील माणसांचे प्रमाण पुन्हा वाढले आणि २०२३-२४ मध्येही ते ४६.१ टक्के होते. राष्ट्रीय उत्पन्नातील शेतीचा वाटा मात्र पाचव्या हिश्श्याहून कमी आहे. कारखानदारीत ११.४ टक्के माणसे काम करीत होती. २०१७-१८ मध्ये ती १२.१ टक्के होती. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावातून कोकणात व घाटावर परतलेले कामगार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या उलट्या वाटेचे नवल वाटणार नाही. गावातील शेत वाढत नाही. त्यावर राबणारे हात वाढतात.

याच काळात बेकारीचा दर ६.१ वरून ३.२ टक्क्यांवर उतरला आणि श्रमशक्तीतील स्त्रियांचे प्रमाण २३.३ वरून ४१.७ टक्क्यांपर्यंत चढले, ही वरवर पाहता दुहेरी आनंदाची वार्ता आहे. पण कामकरी स्त्रियांपैकी ६७ टक्क्यांहून अधिक स्वयंरोजगारी आहेत आणि एकतृतीयांशाहून अधिक स्त्रिया घरच्या शेतात वा धंद्यात बिनपगारी मदतनीस म्हणून राबतात. त्यांची गणना होऊ लागली हे योग्यच झाले. परंतु गणना झाली म्हणून त्यांच्या हाती मजुरी पडली असे होत नाही.

ऊसतोडणीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. दरवर्षी पावसाळा संपला की बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या कोरडवाहू भागांतून लक्षावधी माणसे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. मुकादमाने दिलेली उचल फिटेपर्यंत त्यांना तोडणी करावी लागते. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो आणि मजुरी टनावर, त्या कोयत्याच्या नावाने होते. पाहणीच्या तक्त्यात हीच दोन माणसे दोन कामकरी म्हणून येतात. वर्षाचा अधिक भाग ती राबतात, म्हणून बेकारीच्या रकान्यात त्यांपैकी कोणीच नसते. बीडमधील बेकारी कमी आहे असे तक्त्याने सांगितले, तर ते सत्यच असेल. मात्र ज्या गावात काम नाही म्हणून ही माणसे घराला कुलूप लावून गेली, ती गोष्ट त्या तक्त्यात येणार नाही.

या मोजदादीला महाराष्ट्रानेच एक निराळा पर्याय पुढे आणला होता. राज्याच्या विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ साली तासगाव तालुक्यात काम मागणाऱ्याला काम देण्याचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास तो राज्यभर नेण्यात आला. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. शहरातील पगारदारांकडून घेतल्या जाणाऱ्या व्यवसाय करातून त्याच्या खर्चाचा मोठा भाग उभा राहिला. २००५ साली केंद्राने केलेल्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याचे मूळ येथे आहे. या योजनेत बेकार कोण हे सरकार ठरवीत नसे. बंडिंगच्या वा रस्त्याच्या कामावर, कडक उन्हात, ठरलेल्या मजुरीवर खडी फोडण्यास जो येईल त्याला कामाची गरज आहे, एवढेच गृहीत धरलेले असे. सुस्थितीतील माणूस तेथे फिरकत नसे. हजेरीपटावरील नावांची संख्या हीच त्या तालुक्यातील कामाच्या टंचाईची मोजणी होई. सेवायोजन कार्यालयाच्या नोंदवहीपेक्षा ती खात्रीची आणि पाहणीच्या तक्त्यापेक्षा ताजी असे. मात्र हे खरे ठरण्यासाठी मागेल त्याला काम प्रत्यक्ष मिळावे लागते. कामे काढलीच नाहीत, किंवा मजुरी महिनोन्महिने थकली, तर लोक यावयाचे थांबतात आणि कागदावर टंचाई नाहीशी होते.

ही हमी खेड्यांपुरती होती. शहरांसाठी तसा केंद्रीय कायदा झालेला नाही. २०२५ च्या जानेवारीपासून श्रमशक्ती पाहणी दर महिन्याला होऊ लागली असून शहर व खेडे दोन्हींचे मासिक दर त्यातून मिळतात. हे दर आठवड्याच्या स्थितीचे असतात. निदान एक तास काम, ही अट तेथेही आहे. जुन्या दिल्लीतील चौकांत आजही रंगारी, गवंडी, बिगारी आपली अवजारे पुढे मांडून पहाटेपासून बसतात. आपल्याकडे ज्यांना नाका कामगार म्हणतात तेच हे. दहा वाजेपर्यंत ठेकेदार आला नाही तर ते उठून परत जातात. सोमवारी एखाद्याला अर्धा दिवस काम मिळाले आणि उरलेले सहा दिवस तो रिकाम्या हाताने परतला, तरी त्या आठवड्याच्या नोंदीत तो कामावर असतो.