झेब्र्याचे पट्टे आणि गोठ्यातील माशी

चावऱ्या माश्यांनी त्रस्त झालेले जनावर धड चरत नाही व दूधही कमी देते. आफ्रिकेतील झेब्र्यास निसर्गाने याच शत्रूपासून संरक्षण दिले असावे. टिम कॅरो व त्यांचे सहकारी यांच्या २०१४ सालच्या अभ्यासानुसार, अश्वकुळातील पट्टेदार जाती मुख्यतः गोमाश्यांचा उपद्रव असलेल्या प्रदेशांत आढळतात.

पट्टे मात्र सर्वत्र सारखे नसतात. ग्रेव्ही झेब्र्याचे पट्टे अरुंद व पुष्कळ, तर मैदानी झेब्र्याचे रुंद व थोडे असतात. जोनाथन बार्ड यांनी १९७७ साली याचे कारण असे मांडले : गर्भाच्या तिसऱ्या आठवड्यात पट्ट्यांची आखणी झाल्यास चिमुकल्या अंगावर थोडेच पट्टे मावतात व वाढीबरोबर ते रुंदावतात, पाचव्या आठवड्यात झाल्यास पुष्कळ मावतात.

जपानमध्ये सहा काळ्या गाईंच्या अंगावर चार-पाच सेंटिमीटर रुंदीचे पांढरे पट्टे रंगविले असता त्यांवर बसणाऱ्या माश्या सुमारे निम्म्याने घटल्या, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले. परंतु हा रंग थोड्याच दिवसांत निघून जातो. म्हणून त्यावर विसंबू नये. तैलरंग तर मुळीच लावू नये.

शेण व कुजका चारा रोज उचलावा. गोठ्याभोवती पाणी साचू देऊ नये. चावऱ्या माश्यांमार्फत सर्रा रोग पसरतो, हे ध्यानी ठेवावे. जनावरास वरचेवर ताप येऊन ते खंगू लागल्यास अथवा चकरा मारू लागल्यास विलंब न करता पशुवैद्यकास दाखवावे. कार्यकर्त्यांनी ही माहिती शेतकरी बंधूंना प्रत्यक्ष गोठ्यात उभे राहून समजावून द्यावी.