कालचा सहशिक्षक, आजचा मुख्याध्यापक

पदोन्नतीचा आदेश येतो, शाळेत छोटासा सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिले जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच शिक्षक मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसतो. ज्यांच्याबरोबर मधल्या सुट्टीत डबा खाल्ला, बदल्यांच्या धोरणावर तावातावाने चर्चा केली, क्वचित जुन्या मुख्याध्यापकांविषयी कुरकुरही केली, त्याच सहकाऱ्यांच्या हजेरीवर आता त्याला देखरेख ठेवावयाची असते. वीस-वीस वर्षे चौथीचा वर्ग उत्तम सांभाळलेले कित्येक शिक्षक या खुर्चीत पहिल्या काही महिन्यांतच त्रासून जातात. त्यांची शिकविण्याची हातोटी कोठेही गेलेली नसते. काम मात्र बदललेले असते.

हे काम बहुतेक ठिकाणी दुहेरी असते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत पट १५० च्या वर असेल तर स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. सहावी ते आठवीसाठी ही मर्यादा १०० आहे. वाडी-वस्तीवरील लहान शाळेत ज्येष्ठ शिक्षकालाच आपला वर्ग सांभाळून मुख्याध्यापकपदाचा कार्यभार वाहावा लागतो. तेथे खुर्ची वेगळी नसते, कपाटाची किल्ली तेवढी असते.

कार्यभार घेताना

पहिली चूक बहुधा कार्यभार घेतानाच होते. जुने मुख्याध्यापक ओळखीचे, आदरणीय. त्यांच्यासमोर एकेक वस्तू मोजणे अविश्वासाचे वाटते. म्हणून यादीवर न पाहताच सही होते आणि पुढे लेखापरीक्षणाच्या वेळी रोखकीर्दीचा मेळ बसत नाही, जडसंग्रह नोंदवहीतील खुर्च्या वर्गात सापडत नाहीत. अशा वेळी जबाबदारी सही करणाऱ्याची ठरते. मोजून घेणे यात कोणाचाही अपमान नाही. उलट, जाणाऱ्या मुख्याध्यापकांची त्यामुळे रीतसर सुटका होते, हे त्यांना आधी समजावून सांगितले म्हणजे संकोच उरत नाही.

पोषण आहाराचा तांदूळ पोती मोजून घेऊ नये, तोलून घ्यावा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बँक खात्यावरील सह्या बदलल्या की नाही, हे पहिल्याच आठवड्यात पाहावे. अलीकडे किल्ल्यांबरोबर ‘सरल’ आणि ‘यू-डायस प्लस’ या प्रणालींचे पासवर्डही कार्यभारात येतात. ते एखाद्या सहशिक्षकाच्या भ्रमणध्वनीतच राहिले, तर माहिती भरण्याच्या अखेरच्या दिवशी धावपळ उडते.

सर्वांत जपावयाचे ते जनरल रजिस्टर. त्यातील जन्मतारीख व जात यांच्या नोंदी पन्नास-साठ वर्षांनंतरही जात प्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी मागितल्या जातात. नातवाचा प्रवेश आजोबांच्या शाळेतील एका ओळीवर अवलंबून असतो. जुन्या नोंदीत खाडाखोड दिसली, तर ती नीट करून टाकण्याचा मोह नव्या माणसाला पडतो. हेतू चांगला असला तरी तसे करू नये. नोंद जशी आहे तशी कार्यभाराच्या यादीत नमूद करावी आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नजरेस आणावी. सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेवाचून त्या पानाला लेखणी लावू नये.

मैत्री आणि हजेरी

कागदपत्रांचे काम श्रमाने साधते. सहकाऱ्यांचे काम त्याहून अवघड असते. समजा, शाळेत उशिरा येणारा शिक्षक नव्या मुख्याध्यापकाचा जुना मित्र आहे. काल दोघे एकमेकांना अरे-तुरे करीत होते. आज त्याला बोलावे, तर ‘खुर्ची मिळताच बदलला’ असे ऐकावे लागते. न बोलावे, तर उरलेले शिक्षकही घड्याळाकडे पाहणे सोडतात. येथे नवे मुख्याध्यापक दोन टोकांना जातात. काही जण पहिल्याच दिवशी कडक होऊन सूचनावहीत लेखी तंबी देतात. काही जण ‘आपलीच माणसे’ म्हणून सहा महिने गप्प बसतात आणि मग एके दिवशी परिपाठाच्या वेळी, मुलांसमोर, त्यांचा संयम सुटतो. दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा अधिक घातक होय, कारण मुलांसमोर झालेला अपमान शिक्षक विसरत नाही आणि मुलेही विसरत नाहीत.

त्याच दिवशी, शाळा सुटल्यावर, एकट्याला गाठून साध्या शब्दांत बोलणे हाच सरळ मार्ग आहे. नियमित व वेळेवर उपस्थित राहणे हे अधिनियमाच्या कलम २४ ने शिक्षकाचे कर्तव्य ठरविलेले आहे. ती मुख्याध्यापकाची मर्जी नव्हे. त्यामुळे बोलताना स्वतःच्या अधिकाराचा उच्चार करण्याची गरजच पडत नाही. उशिराचे कारणही विचारावे. एसटीची वेळ बदललेली असते, घरी आजारपण असते. त्यावर काही तोड निघू शकते. इतके करूनही फरक पडला नाही, तरच लेखी विचारणा करावी, आणि मग ती मित्राला एक व इतरांना दुसरी अशी असू नये. अर्थात, हे सारे पहिली घंटा होण्यापूर्वी जो स्वतः शाळेत हजर असतो त्यालाच शोभते.

सूचनावहीचा अतिरेक हा नवेपणाचा आणखी एक गमतीदार प्रकार. तीन शिक्षकांच्या शाळेत भिंतीपलीकडे बसलेल्या सहकाऱ्याला लेखी सूचना पाठवून सही घेणे म्हणजे हसे करून घेणे. ज्याची पुढे नोंद लागणार आहे तेवढेच लिहावे.

ज्या ज्येष्ठ शिक्षकाला पदोन्नती मिळाली नाही, त्याचे मन ओळखणे हीही कसोटी असते. त्याला टाळण्याकडे नव्या मुख्याध्यापकाचा कल असतो. वास्तविक गावातील घर न् घर त्यालाच ठाऊक असते. कोणते मूल ऊसतोडीला आई-बापांबरोबर जाणार हे दिवाळीपूर्वीच तो सांगू शकतो. त्या मुलांना गावात ठेवण्याची व्यवस्था किंवा शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी त्याच्याकडे पूर्णपणे सोपवावी आणि नंतर त्यात ढवळाढवळ करू नये. मुख्याध्यापिकेच्या बाबतीत अडचण दुहेरी असते. गावकरी कामासाठी येतात ते शेजारी बसलेल्या गुरुजींशी बोलतात आणि बाई ऐकत राहतात. अशा वेळी त्या गुरुजींनीच ‘हे बाईंना विचारा’ असे म्हटले, तर निम्मे काम होते.

गावाशी संबंध

शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे अधिनियम सांगतो. शाळा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही समितीची कामे आहेत. प्रत्यक्षात पुष्कळदा वही घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात. नवा मुख्याध्यापक ही प्रथा पहिल्याच सभेपासून मोडू शकतो. सभेची वेळ मजुरीला जाणाऱ्या माता येऊ शकतील अशी, सायंकाळची ठेवावी आणि जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवावा. गावात दोन गट असतात. एका गटाच्या ओट्यावर वारंवार चहा घेणाऱ्या मुख्याध्यापकाला दुसऱ्या गटाची मुले शाळेत टिकविणे जड जाते. सरपंच व ग्रामपंचायत सदस्यांनीही शाळेची मागणी एका कोणाला न भेटता समितीच्या ठरावाने ऐकण्याची पद्धत ठेवली, तर त्याचा मार्ग पुष्कळ सोपा होतो.

या एकटेपणावर उपाय म्हणून शेजारच्या शाळांचा आधार घ्यावा. शिक्षण आयोगाने (१९६४-६६) शाळासमूहाची कल्पना मांडली होती. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे महाराष्ट्राचेच. आपल्याकडील केंद्रशाळा व केंद्रप्रमुख यांच्या मागे तीच दृष्टी दिसते. केंद्राच्या बैठकीत परिपत्रके वाचण्यातच वेळ जात असेल, तर ती संपल्यावर एखाद्या अनुभवी मुख्याध्यापकाजवळ अर्धा तास बसून आपला प्रश्न मांडावा.

सर्व काही स्वतःच

उत्तम शिक्षकाचा उत्तम मुख्याध्यापक होताना सर्वांत आड येते ती त्याचीच कार्यक्षमता. दुसऱ्याने केलेले काम त्याला पसंत पडत नाही, म्हणून आहाराची नोंद, शिष्यवृत्तीचे अर्ज, ऑनलाइन माहिती असे सारे तो स्वतःच करतो आणि वर्गावरची मुले फळ्यावर लिहिलेले उतरवून घेत बसतात. वर्षाला पहिली ते पाचवीसाठी किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस कायद्याने ठरवून दिले आहेत. त्यातील तास कार्यालयीन कामात गेले, तर ते परत मिळत नाहीत. संगणक येणाऱ्या एकाच तरुण शिक्षकावर सर्व भार टाकणे हाही उपाय नव्हे. त्याचाही वर्ग असतो. प्रत्येक कामासाठी एक जण मुख्य आणि एक जण पर्यायी, अशी वाटणी जूनमध्येच सर्वांना बसवून करावी. सुरुवातीस नोंदी चुकतील. त्या ज्याच्या त्याच्याकडून दुरुस्त करून घ्याव्यात.

ही वाटणी बसली की नाही, हे पाहण्याची एक साधी रीत आहे. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मुख्याध्यापकाने दोन दिवसांची रजा घ्यावी आणि त्या दोन दिवसांत शाळेला दूरध्वनी करू नये. परतल्यावर घंटा वेळेवर झाली का, तांदूळ तोलून निघाला का आणि आपल्या वर्गाला कोणी शिकविले का, एवढेच पाहावे.